चार नंबरचं टेबल

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

पहिला आला तो कोण, तर आमच्या शेडचा रघुवीर सुपरवायझर. आमच्या दारात, बूट काढून, हात पुढं बांधून. शेजारच्या वैष्णवीनं भिंतीवरनं मान काढून बगितलं, आन् तिनं बगितलं म्हंजी जेवणवेळेच्या आत निम्म्या उत्रोलीला कळलं. त्याच्या मागनं एक पोरगी आली, बारीक केस कापलेली, आन् तिच्या मागनं एक पोरगा, खांद्याला त्याच्यापेक्षा मोठी पिशवी. शुभ्रा आन् विराज. दोघं पुण्याचे. हातानं काम करणाऱ्यांना सोपं पडावं म्हणून यंत्रं बनवत्यात म्हणं.

पोरांना म्हणलं, "बसा बाळांनो." रघुवीरला काय म्हणलं न्हाई. तो उभाच ऱ्हायला. आलं घालून चहा केला, पोरांना आधी दिला आन् त्याला शेवटी, निवलेला. आमचं मालक खाटंवरनं बगत व्हतं. हळूच म्हणलं, "अगं, त्या माणसाला टेकायला तरी सांग." म्या म्हणलं, "भिंत हाय की."

शुभ्राबाई बोलायला गोड. म्हणाली, "आजी, शेडमध्ये स्विच जोडायच्या दोन टेबलांवर आम्ही दिवे लावतोय. कुठल्या ट्रेमधला भाग उचलायचा, त्या ट्रेवर उजेड पडतो. वर कॅमेरा आहे. बरोबर बसवलं की टेबलावर हिरवं दिसतं, चुकलं की लाल. आम्हाला एक अशी बाई हवीय जिला नजरेमुळे काम सोडावं लागलं, आणि एक जी अजून करतेय. महिनाभर बसून बघायचं, त्याचा खरंच उपयोग होतो का."

"आन् दुसरी कोण?"

रघुवीरनं कपात बगत सांगितलं, "रतनबाई. तुमच्या जुन्या टेबलाशेजारी."

माझ्या हातातली बशी पडायची ऱ्हायली. लई दिवसांनी असा आनंद झाला. माझी नात दीपमाला दहावीला वस्तीत पहिली आली व्हती, त्याच्याखालोखाल.

ही वही शुभ्राबाईनंच दिली. रोज टेबलाबद्दल काय वाटलं ते लिवा म्हणाली. टेबलाचं मी तिला तोंडी सांगीन. वही माझी. मी तिसरीपर्यंत शिकलेली, लिवताना अडखळते, पण वाचणारी बी मीच हाय.

रतनीचं आता लिवते. रतनी आन् मी विंझरच्या, एका आळीतल्या. दोघी उत्रोलीत दिल्या. भाताच्या लावणीला आमी सावड करायचो, आज तुझ्या खाचरात मी राबायचं, उद्या माझ्या खाचरात तू. मजुरी न्हाई, हिशोब न्हाई. शेडमध्ये कामाला लागलो तवा आमी बायकांनी ती सावड तितं बी नेली. एकीचं डोकं दुखलं, एकीच्या पोराला ताप आला, तर शेजारणीनं तिच्या टेबलावर बसून तिचा माल भरायचा. सुपरवायझरला पत्ता लागू द्यायचा न्हाई.

मागल्या वर्षी दीपमालाच्या अकरावीच्या ॲडमिशनला भोरला जायचं व्हतं. रघुवीर सुट्टी देईना. रतनी म्हणली, "जा गं तू मागच्या दारानं. तुझं टेबल म्या सावडीनं भरते." गेले. मग काही दिवसांनी कंपनीकडनं माल परत आला. पांढरी स्प्रिंग पाहिजे तितं पिवळी बसवलेली. बटण दाबलं की वर येईना. पेटीवर चार नंबर, माझ्या टेबलाचा.

मी तितं नव्हतेच असं म्हणले असते तर सगळ्या बायकांची सावड उघडी पडली असती. म्हणून म्या तोंड मिटून रतनीकडं बगितलं. तिनं सांगायचं व्हतं. तिनं मान खाली घातली आन् स्प्रिंगा भरत ऱ्हायली. रघुवीर सगळ्यांच्या देखत म्हणला, "फुलाबाई, तुमचे डोळे गेले. आता घरी नातवंडं खेळवा." आन् हात पुढं केला, एप्रन काढून द्या म्हणून. दिला. तवापासून रतनीशी बोलले न्हाई.

आता दिवाच सांगंल कुणाचा हात चुकतो. मला त्या दोघांचा सूड पाहिजे. रतनीचा आधी.

बुधवार, १२ नोव्हेंबर

इस्त्रीची साडी नेसून गेले. मालक म्हणलं, "लग्नाला चाललीस का?" म्या म्हणलं, "व्हय, वरातीला."

टेबल लई गुणाचं हाय. बटण दाबलं की वर येतं, दुसरं दाबलं की खाली जातं. इतकी वर्सं मी टेबलापर्यंत वाकले, आज टेबल माझ्यापर्यंत आलं. कोपराखाली मऊ गादी, हात लोंबकळत न्हाईत. पुढं एक भिंग लावलेला पडदा, त्यात स्प्रिंग भेंडीएवढी दिसती. वरनं उजेड पडतो, तळहाताएवढा, बरोबर त्या ट्रेवर. तितला भाग घेतला की उजेड पुढच्या ट्रेवर उडी मारतो.

पहिल्यांदा मी त्याच्याशी भांडले. तो पट्टीच्या ट्रेवर गेला तवा माझा हात सवयीनं स्क्रूच्या ट्रेकडं. टेबल लाल झालं, आन् टुंग असा आवाज. मागच्या बायका हसल्या. म्या बी हसले, काय करणार. विराज म्हणाला, "आजी, घाई नाही. तो थांबतो तुमच्यासाठी." आजवर शेडमध्ये माझ्यासाठी कोण थांबलं नव्हतं.

रतनी डाव्या हाताला. मी बसले तवा तिनं हवेत बगून म्हणलं, "आली का." म्या टेबलाचं बटण दाबलं. म्हातारी दिसाय लागली. बरं वाटलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

माझं लाल जवळजवळ थांबलं. रतनीचं न्हाई. सकाळी चांगलं चाललं, आन् दुपारी टुंग, परत टुंग. परत पिवळी-पांढरी, तीच चूक. माझ्या कानाला तो आवाज देवळातल्या घंटीसारखा, मी देवळात जात न्हाई ती गोष्ट वेगळी. प्रत्येक टुंगला मी एक खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. संध्याकाळी पोट दुखलं.

रघुवीर आला. शुभ्राबाईला म्हणाला, "हे लाल-हिरवं माझ्या केबिनमध्ये स्क्रीनवर दिसायला हवं. कोण चुकतं ते मला तिथून कळेल."

ती म्हणाली, "सर, हे बाईंच्या मदतीला आहे. बाईला कळलं, तिनं सुधारलं, संपलं. तुम्हाला दाखवायला लागलो तर त्या भीतीनंच चुकतील."

"ते मोठे साहेब ठरवतील. पंधरा डिसेंबरला येणार आहेत."

जन्मात पहिल्यांदा मला रघुवीरचं म्हणणं पटलं. लावा स्क्रीन. मोठा लावा.

गुरुवार, २० नोव्हेंबर

शेडला गुरुवारची सुट्टी. भोरला गेले व्हते, दीपमालाला स्वेटर घ्यायला. तिला गुलाबी नको, काळा पाहिजे. आमच्या वेळी काळं कोण अंगाला लावत नव्हतं. घेतला काळा. तिच्या अंगावर काय बी शोभतं, रंग आजोबांचा, नाक माझं.

एसटी स्टँडवर रतनी उभी. मी मुद्दाम तिच्या समोर जाऊन उभी ऱ्हायले, हातभर अंतरावर. तिनं माझ्याकडं बगितलं आन् काचंतनं बगावं तसं पलीकडं बगितलं. तोंडावरची रेघ हालली न्हाई. दीड वर्स झालं, तरी हिची मान ताठच. वर आन् नाटकं बगा, समोर गाडी उभी, गाडीवर एवढ्या मोठ्या अक्षरात गावं लिवलेली, आन् ही एका पोरीला विचारती, "बाय, ही उत्रोलीवरनं जाती का?" शाळेत माझ्यापेक्षा भराभर वाचायची ही. आता अडाणी झाली, जागा मिळावी म्हणून.

घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणलं, "तिनं बगितलंच नसंल."

"अहो, मी काय मुंगी हाय?"

"मुंगी चावती तवा दिसती," म्हणलं, आन् कूस बदलली. या माणसापुढं बोलण्यात अर्थ न्हाई.

रविवार, २३ नोव्हेंबर

दीपमालानं मोबाईलवर माझा टेबलापुढचा फोटो बगितला, विराजनं काढलेला. म्हणली, "आजी, तू पायलट दिसतीस." सगळ्या मैत्रिणींना पाठवला. आज कामात लक्ष नव्हतं, दोनदा लाल झालं. पायलटचं होत असंल असं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

एक शोध लागला. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन आत येतं आन् रतनीच्या टेबलावर पडतं. उन्हात तो दिव्याचा उजेड फिका पडतो, आन् तवाच हिचं टुंग वाढतं. विराजनं म्हणूनच तितं पडदा लावलाय. पडद्याची दोरी माझ्या बाजूला हाय.

जेवून आल्यावर म्या पडदा सरकवला. ऊन भरभरून आलं. टुंग. टुंग. मी माझं भरत ऱ्हायले, मनातल्या मनात लेझीम खेळत.

रतनी थांबली. तोंड माझ्याकडं केलं, पण माझ्या जरा बाजूला. "फुले," म्हणली, "पडदा लाव गं."

दीड वर्सानं माझं नाव तिच्या तोंडात. विंझरच्या वढ्यावर हाक मारायची तसंच. म्या ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग तिचं तिनंच उठून, भिंतीला हात लावत लावत जाऊन पडदा वढला. तोरा बगा, सरळ चालायचं सोडून भिंत धरून, जशी काय मी ढकलणार हाय.

मंगळवार, २ डिसेंबर

रघुवीरनं मला बाजूला बोलावलं. खुर्ची दिली. मी बसले न्हाई, मग त्याला बी बसता येईना. म्हणाला, "फुलाबाई, खरं सांगा. रतनबाईंचं काय चाललंय? ही पोरं मला लाल-हिरवं दाखवत नाहीत."

सांगून मोकळी झाले असते. जिभंवर आलं व्हतं. पण इतका राग सांभाळला तो ह्याच्या एकट्याच्या कानात ओतायचा? माझा एप्रन सगळ्यांच्या देखत काढला व्हता. हे बी सगळ्यांच्या देखत झालं पाहिजे. म्हणलं, "पंधरा तारखेला साहेब येणार न्हवं? तवा बगा."

मग विराजला गाठलं. म्हणलं, "बाळा, साहेबांना फरक कसा कळणार? मध्येच दिवा बंद करून दाखव की. दिव्यानं कसं, बिगर दिव्यानं कसं."

त्याचा चेहरा उजळला. "आजी, भारी आयडिया आहे." पोरगं लई भोळं. मला जरा वाईट वाटलं त्याचं. रतनीचं न्हाई.

बिगर दिव्यानं मी भिंगाच्या काचंला नाक लावून का होईना भरीन. रतनीचा हात फसणार. सगळ्या बायका बगणार. तवा मी म्हणणार, "साहेब, चार नंबरचा तो माल बी हिच्याच हातचा." वाक्य पाठ करती हाय. भाकरी थापताना म्हणते, भांडी घासताना म्हणते. मालक म्हणलं, "कुठल्या नाटकात काम करतीस?"

शनिवार, ६ डिसेंबर

बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. शिफ्ट सुटल्यावर पांढरी साडी नेसून विहारात गेले. समदी वस्ती व्हती. वंदना झाली. मग एकेकानं जाऊन मेणबत्ती लावायची.

रतनी पुढं गेली. काडी पेटवली. मेणबत्ती हितं, हिची काडी तितं. काडी हवेत धरून उभी. सरकवली, तरी बाजूलाच. काडी बोटापर्यंत जळत आली तवा पोळून टाकून दिली, आन् पदरात बोट धरून मान खाली घालून परतली. लोकांना वाटलं बाबांच्या आठवणीनं हात थरथरला. एकजण म्हणला बी, "किती मनाला लावून घेती."

मी तितंच बसले. हिला दिसत न्हाई.

स्टँडवर मी समोर उभी ऱ्हायले तवा बी दिसले नव्हते. गाडीवरची अक्षरं दिसली नव्हती. भिंत धरून चालती ते त्यापायी. आन् पांढरी-पिवळी हिला एकच दिसती, सगळंच तिला पिवळं दिसत असंल.

हे कळलं तवा मला दया यायला पाहिजे व्हती. आली न्हाई. आला तो राग, आन् आधीपेक्षा दुप्पट. डोळे तर हिचे गेले व्हते. आन् डोळे गेले म्हणून काढलं कुणाला, तर मला. ही मान खाली घालून बसली, आन् वाडीभर झालं, फुलाबाईला दिसत न्हाई. लोक मला रस्त्यात हात धरून खड्डा चुकवायचे. मला, जिला चिंचेच्या शेंड्यावरचा आकडा दिसतो.

पंधरा तारखेला सोडणार न्हाई.

बुधवार, १० डिसेंबर

शेडच्या मागं नळ हाय. तितं रतनी एकटी डबा धूत व्हती. मला ऱ्हावलं न्हाई. म्हणलं, "रतने, कधीपासनं दिसत न्हाई?"

तिचा हात थांबला. पाणी वाहत ऱ्हायलं. "उजव्यानं मागल्या वर्साच्या उन्हाळ्याच्या आधीपासनं. डाव्यानं आता."

"म्हंजी माझ्या टेबलावर बसलीस तवा बी."

"व्हय."

"आन् गप बसलीस."

"भ्याले," म्हणली. मला वाटलं काय तरी लांबण लावंल. रडंल. तेवढंच म्हणली.

"दवाखान्यात जायाचं न्हाई का? मोतीबिंदू असंल. भोरवरनं दवाखान्याची गाडी नेती-आणती."

"सुट्टी मागितली की कशाला ते सांगावं लागतंय. डोळ्याचं कळलं की काढत्यात. तुझं बगितलं की म्या." डबा उपडा घातला, चाचपून झाकण शोधलं. "हा दिवा आल्यापासनं बरं चाललंय. उजेड पडला तितं हात न्यायचा. रंग दिसला न्हाई तरी चालतंय. घरी आमचं मालक अंथरुणाला खिळून, तुला ठाव हाय. माझं टेबल गेलं तर आमी दोघं कुठं जायाचं?"

"सोमवारी साहेबापुढं मी सगळं सांगणार हाय. त्यासाठीच तर आले मी हितं."

"सांग," म्हणली. "तुझा हक्क हाय."

असं म्हणल्यावर माणसानं काय करावं? भांडायला आलेल्याला समोरच्यानं भांडू तरी द्यावं. मी तिचा नळ तसाच चालू ठेवून आले. मग परत जाऊन बंद केला. पाणी फुकट जात व्हतं म्हणून.

रविवार, १४ डिसेंबर

वाक्य पाठ हाय. जेवण गेलं न्हाई. मालक म्हणलं, "अजून येळ हाय, इचार कर." म्या म्हणलं, "तुमी तुमच्या गुडघ्याचा इचार करा." दीपमालानं माझ्या डोक्याला तेल लावलं. तिच्या बोटांत काय तरी जादू हाय, तिच्या आईच्या बोटांत न्हाई.

सोमवार, १५ डिसेंबर

सगळं क्रमानं लिवते, न्हाईतर घोटाळा व्हईल.

मोठे साहेब दोन गाड्या घेऊन आले. आमचे फोटो काढले. माझे जास्त काढले. शुभ्राबाईनं टेबल समजावून सांगितलं, मी भरून दाखवलं, सगळं हिरवं. साहेब खूश. म्हणाले, "हा फोटो आपण बाकीच्या युनिटना पाठवू."

मग विराज पुढं झाला. "सर, आता दिवा बंद करून फरक दाखवतो. ही कल्पना फुलाबाईंचीच." साहेबांनी माझ्याकडं कौतुकानं बगितलं. माझा दिवा बंद केला. मी भिंगाला डोळा लावून सावकाश भरलं. झालं. टाळ्या.

मग रतनीचा दिवा बंद केला.

शेडमध्ये नुसता पंख्यांचा आवाज. तिचा हात दोन ट्रेंच्या मधे येऊन थांबला. एका ट्रेला बोट लावलं, मग दुसऱ्याला. दोन्ही स्प्रिंगा हाताला सारख्याच लागत्यात, ते मला ठाव हाय. सगळ्या बायका बगत व्हत्या. रघुवीर बगत व्हता. माझं वाक्य तोंडात तयार. "साहेब, चार नंबरचा" इतकं व्हटापर्यंत आलं व्हतं.

आन् रतनी उठून उभी ऱ्हायली. "मला दिसत न्हाई, साहेब," म्हणली. "लई दिवस झालं. आन् चार नंबरचा तो परत आलेला माल फुलीचा नव्हता. त्या दिवशी तिच्या टेबलावर म्या बसले व्हते. सावडीनं."

माझं वाक्य, शब्दाला शब्द, माझ्या तोंडातनं काढून घेतलं तिनं. इतके दिवस पाठ केलेलं. मला अशी चीड आली की काय सांगू. सूड बी धड घेऊ दिला न्हाई बयेनं.

साहेबांना सावड कळंना. शुभ्राबाईनं सांगितली. रघुवीर लाल झाला, कॅमेऱ्याशिवायच. म्हणाला, "म्हणजे माझ्या पाठीमागे हे चालतं? रतनबाई, उद्यापासून तुम्ही घरी." आन् हात पुढं केला. एप्रनसाठी. तोच हात, तसाच तळवा वर करून.

रतनी गाठ सोडाय लागली. गाठ बी तिला दिसंना, बोटं चाचपडत व्हती.

तवा माझ्या ध्यानात आलं. ही आता घरी जाणार, दार लावून नवऱ्यापाशी, कोंडिबापाशी बसणार, कोणाच्या नजरंला पडणार न्हाई. मग मी काय करू? सूड माझा, आन् तो उरकणार हा रघुवीर, पाच मिनिटांत, हात पुढं करून? म्या मधे जाऊन त्याच्या तळव्यावर माझा हात ठेवला आन् खाली दाबला.

"साहेब," म्या मोठ्या साहेबांना म्हणलं, "ही कुठं जात न्हाई. हिच्यावर पहिला हक्क माझा."

"म्हणजे?"

"म्हंजी ही दवाखान्यात जाणार. डोळे करून येणार. तवर हिचं टेबल मी भरीन, माझं बी भरीन, दिवा हाय म्हणून जमतंय. सावडीनं, सगळ्यांच्या देखत. आन् परत आली की हितंच बसणार, माझ्या समोर तोंड करून."

रघुवीर म्हणाला, "असं ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी फोटोतली," म्या म्हणलं. "न्हाई जमलं तर मी बी एप्रन काढते. बाकीच्या युनिटला तुमचा फोटो पाठवा."

मागनं एक बाई फिसकन हसली, मग दुसरी. साहेब बी हसले, घड्याळाकडं बगितलं. शुभ्राबाई मधे पडली. म्हणाली, "सर, त्या भीतीनं लपवत होत्या. केबिनमध्ये स्क्रीन लावली तर सगळ्याच लपवतील, आणि तुमचा माल पुन्हा परत येईल. दिवा बाईंपुरताच राहू द्या." साहेब म्हणाले, बरं, स्क्रीन नको. रतनबाईंची जागा सध्या ठेवा, पुढच्या भेटीला त्यांचं काम बघून कायमचं ठरवू. चुकल्या तर मात्र न्हाई.

म्या म्हणलं, "अजून एक. रघुवीर साहेबांनी तवा सगळ्यांच्या देखत सांगितलं व्हतं माझे डोळे गेले. आज सगळ्यांच्या देखत सांगावं, की न्हाई गेले."

त्यानं जमिनीकडं बगून कायतरी पुटपुटलं. म्या म्हणलं, "पंख्याचा आवाज हाय, मागच्या बायकांना ऐकू गेलं न्हाई." मग मोठ्यानं म्हणाला. "तो माल फुलाबाईंचा नव्हता." गोड लागलं. मागच्या रांगेतल्या चिमाबाईला कमी ऐकू येतं, तिच्यासाठी तिसऱ्यांदा म्हणायला लावणार व्हते, पण साहेब गाडीत बसले.

घरी येताना रतनी माझ्या मागं चालत व्हती. आवाजावर चालती. म्या चपला जरा आपटत चालले.

"फुले," म्हणली, "हे सगळं कशापायी केलंस?"

"सूडापायी."

"बरं," म्हणली.

तिला वाटतंय मी गंमत करती. मी गंमत करत न्हाई. तिला माझ्या तोंडावर काय काय लिवलंय ते दिसलं पाहिजे. धुरकट डोळ्यांना लाज कशी दिसायची? धड डोळे झाले की रोज माझ्यासमोर बसवीन, सकाळपासनं शिफ्ट सुटंपर्यंत, जन्मभर. रघुवीरनं काढून टाकलं असतं तर चार दिवसांत सुटली असती. माझ्या हातनं सुटायची न्हाई.

बुधवार, १७ डिसेंबर

मंगळवारी पहाटे गाडीत बसवून आले रतनीला. गाडीत तिनं माझा पदर धरला, सोडवून घ्यायला येळ लागला. कोंडिबाला दोन वेळचं जेवण आमच्या घरनं. मालक म्हणलं, "सूड लई महाग पडतोय, घरात डाळ संपली." म्या म्हणलं, "तुमी गप खावा."

दोन टेबलं भरली आज. हितला उजेड, मग उठून तितला उजेड. कंबर गेली. रतनीच्या टेबलाची उंची तिच्या मापानं हाय, ती म्या बदलली न्हाई, वाकून केलं. तिच्या मापाचंच असू दे.

संध्याकाळी शुभ्राबाई आन् विराजनं पिशव्या भरल्या. विराजनं माझे पाय धरले, म्या त्याला भडंग दिलं. शुभ्राबाईनं वही मागितली. म्या म्हणलं, वही हरवली. ती हसली, म्हणाली, असू दे, टेबल खूप काही सांगतं. साहेबांसंगं परत कधी येणार म्हणून म्या पक्कं विचारलं, कारण रतनीचं काम साहेब त्या दिवशी बगणार हायेत, आन् तवर तिचे डोळे, तिचा हात, समदं मला तयार करून घ्यायचंय. सोमवार, १९ जानेवारी म्हणाले.